गालावरच्या तीन रेघा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बाई आहे. उंचीने तुमच्या गुडघ्याच्या जरा वर येईन. दोन्ही हात पोटावर ठेवून, गुडघे किंचित वाकवून मी मुंबईच्या मढ गावातल्या एका घरात टीव्हीशेजारच्या शोकेसवर उभी आहे. सध्या मी इतकी चकचकीत दिसते, की वरचा पंखा लावला की त्याची पाती माझ्या पोटात फिरताना दिसतात. घरी आलेलं कुणीही मला बघून म्हणतं, "झकास! नवीन घेतली वाटतं?" हे ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तोंड लपवावं म्हटलं तर मान वळत नाही, आणि पळून जावं म्हटलं तर पाय एकाच लाकडातून कोरलेले. नवीन नाही हो मी! या घरात सर्वांत म्हातारी मीच आहे, पण ते आता सांगायचं कुणाला आणि पटवायचं कसं?

माझा जन्म आफ्रिकेत झाला, एका रुंद नदीच्या काठी. देशाचं नाव मला विचारू नका. लाकडाला देशाचं नाव कोण सांगतंय? मला आठवतो तो एक काटकुळा म्हातारा सुतार. छोट्या वाकसाने तो मला तासायचा, मध्येच थांबायचा, मला लांब धरून डोळे बारीक करून बघायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा. सगळं अंग तयार झाल्यावर त्याने पातळ पात्याची सुरी घेतली आणि माझ्या दोन्ही गालांवर तीन-तीन बारीक रेघा ओढल्या. त्या गावातल्या सगळ्या बाया-पुरुषांच्या गालांवर तशाच रेघा होत्या. पलीकडच्या गावातल्यांच्या रेघा निराळ्या. बाजारात अनोळखी बाई भेटली, की आधी तिच्या गालाकडे बघायचं, म्हणजे ती कुठली ते कळायचं. माझा पत्ता असा माझ्या तोंडावरच लिहिलेला होता.

तिथे मी एका झोपडीत मातीच्या जमिनीवर उभी असे. गावात कुणाला दिवस गेले, की ती बाई यायची, तळहातावर तेल घ्यायची आणि माझ्या पोटावर चोळायची. चुलीचा धूर सारखा अंगावर असायचा. तेल, धूर आणि बायकांचे हात यांनी माझ्या अंगावर हळूहळू एक काळसर, दाट साय धरली. पोटावर ती जास्त, पाठीवर कमी. ओल्या जमिनीने माझा तळ एका बाजूने खाल्ला, त्यामुळे मी थोडी डुगडुगायचे. कुठे वाळवीने दोन-चार भोकं पाडली. हे सगळं मिळून मी होते. तुम्ही म्हणाल, म्हातारी स्वतःच्या सुरकुत्यांचं कौतुक करतेय. करतेच आहे! ज्यांच्या सुरकुत्या पुसल्या गेल्यात त्यांनाच त्यांची किंमत कळते.

पुढे त्या गावातली तरुण मंडळी नव्या विचारांची झाली. जुन्या मूर्ती घरात नकोत, जाळून टाका, असं ठरलं. मी ज्या झोपडीत राहायचे तिथला म्हातारा मला फडक्यात गुंडाळून बंदरावर घेऊन आला. तिथे एका मालवाहू आगबोटीवर मढचा एक खलाशी होता, इनास त्याचं नाव. मागच्या खेपेला हाच म्हातारा धक्क्यावर तापाने फणफणून पडला होता, तेव्हा इनासने त्याला बोटीवरून औषध आणून दिलं होतं आणि तो त्याच्या उशाशी बसून राहिला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हाताऱ्याने मला इनासच्या हातात दिलं, इनासचा अंगठा धरून माझ्या गालावरच्या रेघांवरून फिरवला, मग स्वतःच्या गालावरच्या तशाच रेघा दाखवल्या. इनासला जे कळायचं ते कळलं.

मढला आल्यावर इनासने मला घरात, बाहेरच्या खोलीत ठेवलं. त्याच्या बायकोने आधी कुरकुर केली, की क्रूस लावलेल्या घरात हे कसलं भूत आणलंस. मग एकदा फादर घरी आले, त्यांनी माझे पोटावरचे हात बघितले आणि म्हणाले, "कुणाची तरी आई दिसते. राहू दे." तेव्हापासून मी राहिले.

इनास माणूस सोन्यासारखा, पण बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. दर्यावरून परत आला की चर्चएवढा मासा पाहिला म्हणायचा, उलटा वाहणारा पाऊस पाहिला म्हणायचा. लग्न असो, नाताळ असो, त्याच्याभोवती घोळका जमायचा आणि लोक पोट धरून हसायचे. त्या घोळक्यात तो माझीही गोष्ट सांगायचा.

"ही मी इकत नाय घेतली," तो म्हणायचा, "मना दिली! माज्या आज्याच्या आज्याच्या येलची हाय. गालावर बग, तिच्या गावाची खून हाय."

"लय फेकतंस रे इनास! बंदरावर टोपलीभर मिळतात असल्या!" कुणीतरी ओरडायचं आणि पुन्हा हशा.

बाकीच्या गोष्टींवर लोक हसले की तोही हसायचा. या गोष्टीवर हसले की गप्प व्हायचा. त्याची ही एकच गोष्ट अक्षरन् अक्षर खरी होती आणि नेमकी तीच कुणाला खरी वाटली नाही. मी तिथेच उभी होते, साक्षीदार म्हणून. पण माझा काय उपयोग?

त्याची मुलगी मार्सेलिना मात्र माझी होती. परक्या घरात मला पहिलं माणूस मिळालं ते ही. परीक्षेला जाताना ती माझ्या पोटावर हात फिरवून जायची. ताप आला, कुणी रागावलं, मैत्रिणीशी भांडण झालं, की माझ्यासमोर बसून पोटावर तळहात ठेवायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या नदीकाठच्या बायका आणि ही मढची पोर, दोघींचे हात एकाच जागी कसे पडायचे, याचं मला नेहमी नवल वाटायचं. तिच्या हाताचा ओलावाही माझ्या अंगावरच्या सायीत मुरला.

पुढे तिचं गिल्बर्टशी लग्न झालं. तो गावातलाच, मच्छीमार, स्वतःची बोट असलेला. इनासला मुलगा नव्हता, म्हणून गिल्बर्ट याच घरात राहायला आला. मग इनास गेला. शेवटच्या आजारपणात त्याने मला खाटेजवळ आणायला लावलं होतं. मार्सेलिनाला म्हणाला, "बाकी सगलं सोड. ही गोष्ट खरी हाय गं." ती म्हणाली, "मना ठाव हाय, बाबा." पण गावाला ते पटवून द्यायचं राहून गेलं. हा काटा तिच्या मनात तेव्हापासून रुतून बसला.

नंतरची माझी वर्षं सांगण्यासारखी नाहीत. घरात टीव्ही आला, फ्रिज आला, मी कोपऱ्यात गेले. पावसाळी वाऱ्यात दार आपटू नये म्हणून मला दाराला लावून ठेवत. माझ्या मानेत कुणी टोपी अडकवायचं, कुणी छत्री. नाताळात मार्सेलिनाची मुलगी व्हेनेसा मला चमकीच्या माळा घालायची. मला राग नाही आला. निदान माझ्या अंगावरचं कुणी काही काढून घेत नव्हतं.

मग यंदा चर्चच्या हॉलमध्ये गावातल्या जुन्या वस्तूंचं दालन करायचं ठरलं. कुणी जुनी पाटा-वरवंट्याची जोडी दिली, कुणी आजीचं लाल लुगडं, कुणी बोटीचा कंदील. मार्सेलिना माझं नाव घेऊन गेली. दालनाचं बघणारे गृहस्थ हसले. म्हणाले, "इनासकाकाची गोष्ट पाटीवर लिहायची म्हणतेस? आधी कुणी जाणकार सांगू दे, की ही खरी जुनी हाय. मग इनासकाकाच्या नावासकट ठेवतो, अगदी मधोमध."

मार्सेलिना घरी आली ती उड्या मारायचीच बाकी होती. व्हेनेसा आता अंधेरीला नोकरी करते. तिच्या ओळखीने एक बाई सापडली, श्रुतिका. सांताक्रूझला राहणारी आणि एका संग्रहालयात जुन्या लाकडी मूर्ती ओळखण्याचं काम करणारी. व्हेनेसाने तिला नाताळातला माझा एक फोटो मोबाइलवर पाठवला. त्यात मी चमकीच्या माळांत बुडालेली. तरी श्रुतिकाने उलट फोन केला, "उभं राहण्याची ढब वेगळी आहे. आणि गालावर काहीतरी आहे का? नीट दिसत नाहीये. मी रविवारी येते."

मित्रांनो, माझ्या लाकडी काळजात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या गालाकडे बघून सांगणार होतं, की ही अमक्या नदीकाठची. मार्सेलिनाला तिच्या बापाचा शब्द परत मिळणार होता आणि मला माझं गाव.

शनिवारी मार्सेलिना वसईला बहिणीकडे गेली होती, तिच्याकडून पाहुणीसाठी चांगली मसाल्याची बाटली आणायला. घरात गिल्बर्ट एकटा.

आता गिल्बर्टविषयी वाईट बोलायला माझी जीभ वळणार नाही. तो मनाचा मोठा माणूस. पण तो दर्यावरचा माणूस, आणि मढच्या किनाऱ्यावर एक रीत आहे. पावसाळ्यात बोट वाळूवर ओढायची, तिचं सगळं अंग खरवडायचं, फटी बुजवायच्या, वरून तेल-रंग द्यायचा, फादरांकडून आशीर्वाद घ्यायचा, मगच तिला पाण्यात ढकलायची. मळकी बोट उतरवली तर गाव मालकाला नावं ठेवतं. मान द्यायचा तर घासूनपुसून द्यायचा, हे गिल्बर्टच्या हाडात भिनलेलं. आणि सासऱ्यावर त्याचा फार जीव होता.

तो माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "शेरातून मॅडम येनार, नि तू अशी मलकट उभी रवनार? माज्या सासऱ्याची इज्जत हाय ही."

पलीकडच्या बंगल्यात शूटिंगचे सेट लावणारा भीमराज नावाचा सुतार आहे. त्याच्याकडून गिल्बर्टने पॉलिशपेपर आणला, पुट्टी आणली, चकाकणारं पॉलिश आणलं. मला मांडीवर घेतलं, अगदी लेकरासारखं, आणि घासायला सुरुवात केली.

पोटापासून सुरुवात केली त्याने. नदीकाठच्या बायकांचं तेल गेलं, चुलीचा धूर गेला, मार्सेलिनाच्या परीक्षेचे दिवस गेले. सगळं तपकिरी भुकटी होऊन त्याच्या लुंगीवर पडलं आणि त्याने ते हाताने झटकलं. वाळवीची भोकं पुट्टीने बुजवली. मी डुगडुगते म्हणून तळ घासून सपाट केला. मग त्याने माझं तोंड उजेडाकडे धरलं. "कुनी रेघोट्या मारल्या गो तुज्या तोंडावर? पोरांनीच असनार," असं म्हणून त्याने गाल घासघासून त्या बारीक रेघा पुसल्या, राहिलेल्या खळग्यांत बोटाने पुट्टी भरली, सुकू दिली आणि पुन्हा घासून गुळगुळीत केली. इनासने ही खूण गावाला हजारदा दाखवली असेल. पण गिल्बर्ट त्या घोळक्यात कधी नसायचा. लोक सासऱ्याला हसतात ते त्याला बघवायचं नाही, म्हणून तो उठून बाहेर जायचा. श्रुतिकाने फोनवर गालाचं विचारलं, तेही त्याच्या कानावर आलं नव्हतं.

मी ओरडले का? ओरडता आलं असतं तर मढच काय, खाडीपलीकडे वर्सोव्यालाही ऐकू गेलं असतं.

संध्याकाळी मार्सेलिना आली. दारातच तिने हातातली पिशवी खाली ठेवली. गिल्बर्ट शोकेसशेजारी हसत उभा होता, नातवंडाला पहिल्यांदा शाळेचा गणवेश घातल्यावर माणूस उभा राहतो तसा.

"बगितलंस? दिवस घातला मी. वलखू येते काय?"

मार्सेलिनाने जवळ येऊन माझ्या गालावर अंगठा ठेवला. मग दुसऱ्या गालावर.  तिने वळून त्याच्या हातांकडे बघितलं. गिल्बर्टच्या बोटांच्या सांध्यांतून पॉलिशचे डाग होते, आणि पॉलिशपेपरने घासून त्याच्या म्हाताऱ्या अंगठ्याची कातडी सोलली होती.

"हात धू आधी," एवढंच ती म्हणाली. "हलद लाव त्याला."

रविवारी श्रुतिका वर्सोव्याहून फेरीबोटीने आली. सोबत व्हेनेसा होती. पाहुणीला ताजी मासळी खाऊ घालायची म्हणून गिल्बर्ट धक्क्यावर गेला होता. श्रुतिका खोलीत शिरली, तिने मला बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा उत्साह दिवा मालवावा तसा गेला. तरी ती खाली बसली. मला आडवं केलं, तळ बघितला, वास घेतला, टॉर्च लावून कोपरान् कोपरा तपासला.

"आंटी," ती हळूच म्हणाली, "हे पॉलिश कधी केलंत?"

"काल," मार्सेलिना म्हणाली. "मीच केलं, बाय. मना वाटलं, पावनी येनार, जरा चांगली दिसू दे."

व्हेनेसाने चमकून आईकडे बघितलं. मार्सेलिनाने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

"हिच्या गालावर रेघा होत्या का हो? फोटोत मला तसं वाटलं होतं. म्हणून तर मी आले."

"व्हत्या. तीन-तीन."

"कशा? उभ्या, आडव्या? डोळ्याखालून सुरू व्हायच्या की कानाकडून?"

मार्सेलिनाने हवेत बोट फिरवलं. एकदा असं, एकदा तसं. मग तिचं बोट थांबलं. जन्मभर जे बघत आली ते डोळ्यांपुढे आणायला गेली तर येईना. "दुसरा फोटो नाय कुठला," ती म्हणाली. "लग्नातला हाय, पन त्याच्यात ही केकच्या पाठी. निस्तं कपाळ दिसतं."

श्रुतिकाने माझ्या दंड आणि कुशीच्या मधल्या बेचक्यात टॉर्च धरला. तिथे पॉलिशपेपर पोचला नव्हता. नखाएवढी काळी साय तिथे शिल्लक होती. तिने ती बराच वेळ बघितली. माझा श्वास, म्हणजे लाकडाला जो काही असतो तो, अडकला होता.

"इथे जुनं काहीतरी आहे," ती म्हणाली. "मूर्ती खरी असू शकते, आंटी. मला स्वतःला वाटतं, असेल. पण आहेच असं मी लिहून नाही देऊ शकत. हाताळून झिजलेल्या जागा, तळ, किडीची भोकं, आम्ही यांच्यावरून वय ओळखतो, आणि गालावरच्या खुणांवरून गाव. यातलं काहीच राहिलं नाहीये. खोटं बोलले तर तुमच्या वडिलांना हसले तसे लोक मलाही हसतील, माझ्या शब्दाला किंमत राहणार नाही. सॉरी."

"परवा आली असतीस तर?" मार्सेलिनाने विचारलं.

 श्रुतिकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मान खाली घातली.

तेवढ्यात अंगणातून गिल्बर्टचा आवाज आला. हातात पापलेटांची पिशवी, अंगठ्याला हळदीची चिंधी. आत आला आणि चपलाही न काढता विचारलं, "मग? काय बोलली मॅडम? कशी काय वाटली आमची म्हातारी?"

 श्रुतिकाची नजर त्याच्या चिंधीवर गेली, पॉलिशने रंगलेल्या बोटांवर गेली, मग मार्सेलिनाकडे वळली. मार्सेलिनाने नुसती मान हलवली, इतकीशी की मलाच दिसली असेल.

"काम फार मनापासून केलंय, अंकल," श्रुतिका म्हणाली.

"बग!" गिल्बर्ट बायकोकडे वळला. त्याचा चेहरा उजळून निघाला. "मी बोललो नव्हतो? मॅडम, आज जेवल्याशिवाय सोडनार नाय तुमाला!"

ती जेवली. मार्सेलिनाने वसईचा मसाला घालून पापलेट केलं, सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. श्रुतिका फेरीबोटीकडे निघाली तेव्हा ती तिला सोडायला गेली आणि परत यायला तिला बराच उशीर लागला.

चर्चच्या हॉलमधलं दालन उघडलं. मधोमध बोटीचा कंदील आहे म्हणे. मला दालनात देणार नाही, असं मार्सेलिनाने सांगून टाकलं. का, ते गिल्बर्टला अजून कळलेलं नाही. तो मात्र धक्क्यावर बसून भेटेल त्याला सांगतो, "संग्रहालयातली मॅडम आलती आमच्या घरी. माजं पॉलिश बगून खूश झाली. असं काम शेरात पन होत नाय, बोलली." श्रुतिका असं काही बोलली नव्हती. पण सगळ्या गावाचा त्यावर विश्वास बसला आहे, कुणीही हसत नाही. इनासने माझी गोष्ट आयुष्यभर खरी सांगितली, तिला मात्र सगळे हसले. मी दोन्ही गोष्टी ऐकल्या आहेत, आणि मला कुणावर रागावता येत नाही. नुसतं वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर, कपाटामागे, कोपऱ्यात माझ्यासारखं कुणीतरी उभं असेल. कळकट, डाग पडलेलं, डुगडुगणारं. त्याच्यावर माया असेल तर आधी त्याच्यासमोर बसा. हे डाग कसले, ही जागा अशी का झिजली, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. त्याचा उजेडात नीट एक फोटो काढून ठेवा. घासायची घाई करू नका. पॉलिश उद्याही मिळेल. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगू लागलं, तर उठून बाहेर जाऊ नका, मायेपोटीसुद्धा जाऊ नका. एकदा बसून पूर्ण ऐकून घ्या.

मार्सेलिना अजूनही दुपारी सगळी निजली की माझ्याजवळ येते. तिचा अंगठा माझ्या गालावर डोळ्याखालून फिरतो, मग कानाकडून फिरतो, पुन्हा डोळ्याखाली येतो. तिथे आता काहीच लागत नाही.